आसरांच्या डोक्यावरचं शून्य

मी सरकारची नोकरी केली ती पाण्याकडे बघायची. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला नदीवर जायचं. पुलाच्या खांबावर रंगवलेल्या आकड्यांपैकी कोणत्या आकड्याला पाणी लागलंय ते बघायचं, वहीत लिहायचं आणि घरी यायचं. पावसाळ्यात पूर आला की तासातासाला बघायचं. एवढंच काम. ऐकून लोक हसतात. हसू द्या. माझं ऑफिस माझ्या घराच्या मागं होतं आणि तिथं माझ्यावर साहेब म्हणून कोणी बसलेला नव्हता. एवढं सुख किती जणांच्या नोकरीत असतं?

आमची वस्ती पिंपळडोह. खडकपूर्णेच्या काठावर पन्नासेक घरं, बाजार बीबी गावचा, एसटी देऊळगाव राजाची. वस्तीत बघण्यासारखं काही नाही, फक्त पूल आहे. सात कमानींचा, दगडी, चुन्यात बांधलेला. तो ऐतिहासिक आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. कॅमेरे घेऊन लोक यायला लागले तेव्हा. ते येतात, कमानीखाली उभे राहून वर बघतात आणि विचारतात, "आजी, हा पूल कोणी बांधला?" मला काय माहीत? मी सून म्हणून आले तेव्हा तो होताच. सुरुवातीला मी खरं सांगायचे, की माहीत नाही. मग त्यांचे चेहरे पडायचे. म्हणून एकाला सांगितलं इंग्रजानं बांधला, दुसऱ्याला सांगितलं निजामानं. तिसरा फारच मागं लागला, त्याला सांगितलं की एका सावकारानं नवसाला बांधला. पुढं तो नवस कोणत्या तरी पुस्तिकेत छापून आला, "स्थानिक जाणकारांच्या मते" असं म्हणून. ती जाणकार मी.

नोकरी खरं तर माझ्या नवऱ्याच्या नावावर होती. त्याला आकडे यायचे, पण सहा आणि नऊ ओळखताना त्याला मान वाकडी करावी लागायची. शिवाय तो सकाळी आठला उठलेला मी कधी पाहिला नाही. मी चौथी पास झालेली, घर पुलाला लागून, त्यामुळे पहिल्या आठवड्यापासून वही माझ्याकडे आली. तो वारला तेव्हा साहेबांनी दयेनं नोकरी मला दिली असं सगळे म्हणाले. काम आधीपासून मीच करत होते, फक्त आता सहीसुद्धा माझी झाली.

पाणी वाचणं वाटतं तेवढं सोपं नाही. पुराचं पाणी खांबावर आपटतं. ज्या बाजूनं येतं तिथं ते फुगून वर चढतं, मागच्या बाजूला खड्डा पडतो. पुढून बघाल तर जास्त दिसतं, मागून बघाल तर कमी. म्हणून आकडे खांबाच्या कुशीला रंगवलेले असतात. तिथंसुद्धा लाट वर-खाली होते. वर कुठं जाते ते बघायचं, खाली कुठं येते ते बघायचं आणि दोन्हीच्या मधलं लिहायचं. घाई करायची नाही. आणि उभं राहायची जागा बदलायची नाही. मी बाभळीच्या एका बुंध्याला टेकून उभी राहायचे. बुंधा माझ्या पाठीनं गुळगुळीत झाला.

पाणी फार चढलं की पुलाच्या तोंडाला साखळी लावायची, तेही माझ्याकडेच. या साखळीनं मला जेवढे शत्रू मिळवून दिले तेवढे भाऊबंदकीनंही दिले नाहीत. एकदा एक जण नवी मोटारसायकल घेऊन आला. कपाळाला गंध, हँडलला हार.

"मावशी, साखळी काढा. मी जानेफळचा हाय."

"मंग?"

"पलीकडं माही सासुरवाडी हाय. गाडी दाखवाले चाललो."

"सासुरवाडी उद्याही तिथंच राहीन. तू राहशीन का ते पाह्य."

तो तासभर तिथंच बसला, मला शिव्या देत. समोर कमानी निम्म्या बुडाल्या तेव्हा शिव्या थांबल्या. मग म्हणाला, "मावशी, चहा भेटन का?" दिला.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते.

पुलाच्या दुसऱ्या खांबाच्या पायथ्याला सात दगड जरा पुढं आलेले आहेत. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. उन्हाळ्यात नदी उतरली की वस्तीतल्या बाया त्यांना शेंदूर लावतात, हिरव्या बांगड्या ठेवतात. घरात कोणी पोटुशी असेल तर ओटी भरतात. त्या कोपल्या तर बाईला पाण्यात ओढतात असं म्हणतात. मी रोज तीन वेळा त्यांच्यासमोर उभी राहिले. मला कधी कोणी ओढलं नाही, पण वस्तीतल्या बायांशी भांडण नको म्हणून मीही शेंदूर लावायचे.

त्याच खांबावर पूर्वी फुटाच्या खुणा कोरलेल्या होत्या. त्या झिजून गेल्या. मग एका मे महिन्यात खात्यानं नवे आकडे रंगवायला माणूस पाठवला, मीटरमध्ये. देऊळगाव राजाचा गुलाबराव पेंटर. हा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, लग्नाच्या भिंती रंगवायचा. चुना, डबे, ब्रश घेऊन तो खांबापाशी गेला आणि तिथंच थांबला.

"हे काय हाय व मावशी?"

"आसरा हायत."

"सायबानं तं पट्टा पायथ्यापासून काढाले सांगतला. यांच्यावरून जाते तो."

पलीकडं धुणं धुणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. त्यातली एक ओरडली, "पेंटर, हात तं लावून पाह्य! घरी जाशीन का नाई ते पाहू!"

गुलाबराव दोन पावलं मागं सरला. "मले लेकरंबाळं हायत, मावशी. मी नाई मारत देवावर चुना. शून्य कुठून काढू ते तुम्हीच सांगा."

माझ्या घरी पीठ मळलेलं होतं आणि ऊन डोक्यावर आलं होतं. मी म्हटलं, "काढ त्यांच्या डोक्यावरून. पाणी चढलं की चढलेलं दिसते, उतरलं की उतरलेलं दिसते. अजून काय पाह्यजे सरकारले? अन् लवकर आटप, मले भाकरी टाकायच्या हायत."

त्यानं आसरांच्या डोक्यावर शून्य काढलं आणि तिथून वर मोजत गेला. अक्षर सुंदर होतं त्याचं. पाचच्या शेजारी त्यानं न सांगता एक कमळही काढलं. बाया खूश, पेंटर खूश, मी भाकरी टाकल्या.

ती चूक माझी. पेंटरची नाही, बायांची नाही, देवींची तर नाहीच. चौथी पास बाईला शून्य म्हणजे काय ते कळतं. मला कळत होतं.

पावसाळ्यात फरक पडला नाही. पावसाळा सरला तेव्हा पडला. दिवाळीनंतर पाणी उतरून शून्याच्या खाली गेलं, आणि मी वहीत शून्य लिहायला लागले. सकाळी शून्य, दुपारी शून्य, संध्याकाळी शून्य. माझ्यासमोर म्हशी पोटापर्यंत पाण्यात उभ्या आणि मी लिहितेय शून्य. जानेवारीत खात्याचं पत्र आलं, की नदी कोरडी पडली असल्यास तसा शेरा लिहावा. पत्र वाचून मी हसले. नंतर हसू येईना.

त्या वर्षी एक साहेब पाहणीला आले. मी त्यांना खांबापाशी नेलं आणि सांगितलं, की साहेब, हे शून्य चुकीच्या जागी आहे, आसरांमुळे वर सरकलंय, मीटरभर खाली पाहिजे. साहेबांनी बूट ओले होऊ नयेत म्हणून लांबूनच बघितलं.

"बाई, तुमचं शिक्षण किती?"

"चौथी."

"मग जे रंगवलंय ते वाचा. विचार करायला आम्ही आहोत."

मला राग आला. माझा राग साधा नसतो, तो मुक्कामाला राहतो. मी ठरवलं, बरं बाबा, विचार तुम्ही करा. त्या दिवसापासून जे रंगवलंय ते लिहिलं. पुन्हा कुणाला सांगितलं नाही. साखळी लावायची तेव्हा मी स्वतःच्या डोळ्यांनी ठरवायचे, वहीत मात्र सरकारचा आकडा. म्हणजे वस्तीला खरं आणि सरकारला मीटरभर कमी. अशी वीस वर्षं गेली. मध्ये एक मोठा पूर आला, पाणी कमानीच्या माथ्याच्या जवळ गेलं. वहीत मी सात लिहिलं. खरं आठ होतं.

एक दिवसही चुकवला नाही याचा मला गर्व होता. आता लिहिताना वाटतं, थोड्या दांड्या मारल्या असत्या आणि बरोबर लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी नोकरीतून मोकळी झाले आणि जुना पूल थकला. एका कमानीचे दगड सुटले, जड गाड्या बंद झाल्या. एसटी पलीकडच्या तीरावरच थांबायला लागली. सोयाबीनची पोती लोक अर्ध्या रस्त्यात उतरवून छोट्या गाडीत भरायचे. नव्या पुलासाठी अर्ज झाले, मोर्चे झाले. शेवटी पूल मंजूर झाला आणि त्याचं काम बघणाऱ्या इंजिनिअर मॅडम माझ्या ओसरीवर आल्या. माझ्या नातीच्या वयाच्या. चांगली मुलगी, चहा बशीत ओतून प्यायली.

म्हणाली, "आजी, तुम्हाला भेटायचंच होतं. हा सगळा पूल तुमच्या वह्यांवर उभा राहणार आहे. एवढ्या वर्षांत एक दिवस रिकामा नाही!"

मी फुगले. मग तिनं नकाशा उघडून समजावून सांगितलं. सगळ्यात मोठा पूर किती चढला ते वहीतून काढतात, आणि नव्या पुलाचं पोट, म्हणजे खालची बाजू, त्याच्या थोडं वर ठेवतात. वहीत सात, म्हणून पोट पावणेआठवर.

मी विचारलं, "शून्य कुठं धरलं व मॅडम?"

"जुन्या नकाशात आहे ना, खांबाच्या पायथ्याला."

कागदावरचं शून्य पायथ्याला होतं. दगडावरचं शून्य आसरांच्या डोक्यावर होतं. दोन्ही एकत्र कोणी बघितलेच नव्हते.

पुलाच्या पोटाला पाणी लागलं तर काय होतं हे मला कोणी शिकवायला नको. वाहून आलेली झाडं अडकतात, त्यावर काटक्या, गवत, मेलेली जनावरं. मग तो पूल राहत नाही, बांध होतो. पाणी मागं फुगतं आणि वस्तीत शिरतं. आधी खालच्या आळीत, मजुरांच्या घरांत.

तरी मी त्या दिवशी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर दोन दिवस बोलले नाही. कारण भूमिपूजनाच्या दिवशी माझा सत्कार ठरला होता. आयुष्यात कोणी माझ्या अंगावर शाल टाकली नव्हती, आणि मला ती हवी होती.

तिसऱ्या दिवशी मी दिनकरला बोलावलं. दिनकर आमचा सरपंच, माझ्या दिराचा मुलगा. त्याला सगळं सांगितलं. तो उभाच राहिला.

"काकू, तू डोक्यावर पडली का? परवा भूमिपूजन हाय. पाहुणे येऊन राह्यले, मंडप टाकला."

"मंडप काढता येते."

"कागद मागं गेला की मागंच राहते. पुन्हा येईन का नाई, कोणाले माहीत? किती वर्सं पायऱ्या झिजवल्या आम्ही!"

"अन् पाणी शिरलं तं?"

"माह्यं घर वर हाय. तुह्यंही वर हाय."

"खाली कोण राह्यते ते तुले माहीत हाय."

तो माझ्याजवळ सरकला. मग हळू आवाजात म्हणाला, "काकू, तेवढा पूर वीस वर्सांत एकदा आला. गप राह्य. शाल घे, नारळ घे, घरी जा. तुह्या पाया पडतो." आणि खरंच पडला. माझ्या पाया तो दिवाळीलासुद्धा पडत नाही.

त्याचंही खोटं नव्हतं, हे मला कळत होतं. बोलले तर पूल जाईल, गप्प बसले तर खालची आळी जाईल. कोणी सांगावं, कदाचित दोन्ही जाणार नाही. मी रात्री झोपले मात्र चांगली. माझी झोप कशानंच मोडत नाही.

भूमिपूजनाला गर्दी चांगली होती. एका पाहुण्यानं भाषणात मला जलदेवता म्हटलं. खाली बसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. शाल टाकली, नारळ दिला, आणि दोन शब्द बोला म्हणून माइक पुढं केला. दिनकर माझ्याकडे असा बघत होता, जसं बैल कासऱ्याकडे बघतो.

मी म्हटलं, "मी चुकीचं लिहिलेलं हाय. वीस वर्सांच्या परतेक आकड्यात एक मीटर मिळवा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मी नम्रपणे काहीतरी बोलतेय. मी पुन्हा म्हटलं, "टाळ्या कायले वाजवता बे? शून्य चुकलं हाय. हा पूल बुडन."

टाळ्या थांबल्या. मॅडम मात्र खुर्चीवरून उठल्या होत्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. टेप घेतला, नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि खांबापाशी पाण्यात उतरल्या. दुसरं टोक मी धरलं. पायथ्यापासून गुलाबरावच्या शून्यापर्यंत मीटरला तीन बोटं कमी भरलं.

मॅडम पाण्यातच उभ्या होत्या. "आजी, हे तुम्ही आधी कोणाला का नाही सांगितलं?"

"सांगतलं होतं. एकदा. त्यानं ऐकलं नाई म्हणून मले राग आला. राग आला म्हणून मी चूकच लिहीत राह्यली."

त्यांनी दुसरं टोक माझ्या हातातून घेतलं. टेप गुंडाळला. भूमिपूजन झालं नाही. फोडायला आणलेले नारळ पोरांनी पळवले. शाल कोणी परत मागितली नाही, मीही दिली नाही. पातळ निघाली.

पुढचं आधीच सगळ्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. कागद मागं गेला. दोन पावसाळे गेले. नदीवर मी धुणं घेऊन गेले की बाया गप्प व्हायच्या, मी निघाले की पुन्हा सुरू. एकदा शेजारची चंद्रकला डोक्यावर गव्हाचं ओझं घेऊन पुलावरून चालत येत होती, एसटी पलीकडंच सोडून गेलेली. माझ्या दारात थांबून म्हणाली, "गयाबाई, तुह्या त्या एका मीटरनं माह्या पायाचा भुगा केला." मी तिला पाणी दिलं. ते प्यायली आणि पुन्हा तेच म्हणाली. खालच्या आळीतलेही मला धन्यवाद द्यायला आले नाहीत. का येतील? त्यांनाही एसटी पाहिजे होती. पाणी तर अजून कुणाच्या घरात शिरलं नव्हतं. न शिरलेल्या पाण्याबद्दल कोणी कुणाचे आभार मानत नाही.

मीही अधूनमधून स्वतःला विचारायचे, तुला काय नडलं होतं? उत्तर चांगलं आलं नाही. खालच्या आळीची काळजी होती, हे खरं. पण वीस वर्षं ज्या वह्यांचा गर्व केला त्या एक दिवस पुरात पूल बुडल्यावर खोट्या ठरतील, आणि मी तेव्हा जिवंत असले तर तोंड लपवावं लागेल, ही भीतीही होती. कोणती जास्त होती ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

या वर्षी कागद परत आला. मॅडमनी तो सोडला नव्हता. पूल मंजूर, एका मीटरनं उंच. उंच पूल म्हणजे त्याला चढ लांब लागतो, आणि चढाला मातीचा भराव लागतो. तो भराव आमच्या बाजूला कुठून जाणार हे कागदावर बघून दिनकर हसत हसत माझ्याकडे आला.

"घे काकू. तुह्या मीटरचा चढ तुह्या घरातून चालला. गप राह्यली असती तं चूल वाचली असती."

"चहा घेतोस का?"

"घेतो ना. आता किती दिवस भेटन या चुलीवरचा?"

चहा पिऊन तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी मोजणीचा माणूस दोरी आणि चुन्याची पिशवी घेऊन आला. दोरी ताणली, चुना टाकत अंगणातून येऊन उंबऱ्याशी थांबला. आत डोकावून बघितलं. भला माणूस होता.

"आजी, रेघ हातभर बाजूला घेऊ का? स्वयंपाकघर वाचेल. एवढ्यानं काही होत नाही. कोण बघतंय?"

मी चुलीवरचं भांडं उतरवलं, जाळ बाहेर ओढला आणि राखेवर पाणी टाकलं.

"कागदावर जिथं हाय तिथंच टाक," मी म्हटलं. "अन् भिंतीपाशी थांबू नको, आत ये."

तो चप्पल बाहेर काढून आत आला. रेघ चुलीच्या बरोबर मधून गेली.